समाजस्वास्थ्याचे उपासक कै. रघुनाथ धोंडो कर्वे

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत थोर पुरुषांची चरित्रे देण्याचा प्रघात आहे. संत, वीर, देशभक्त, दानशूर यांची चरित्रे आपण वाचतो, मुलांकडून वाचून घेतो, आणि त्यांच्या गुणांचा काही अंश तरी आपल्या घरात उतरावा अशी इच्छा धरतो. यंदा ज्यांचे चरित्र सादर करीत आहे त्यांचे नाव बहुतेकांनी ऐकलेले असेल. परंतु त्यांनी जन्मभर कोणते कार्य केले असे कोणी विचारले, तर पुष्कळ घरांत उत्तर देणाऱ्याचा आवाज खाली येतो. ते गृहस्थ म्हणजे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे होत. ते आपल्या ज्ञातीचे नव्हेत आणि आपल्या जालना जिल्ह्याचेही नव्हेत. तथापि ज्या रोगांविरुद्ध त्यांनी लेखणी झिजविली ते रोग ज्ञाती पाहून घरात शिरत नाहीत. तेव्हा त्यांचे ऋण मानताना आपणही ती पाहू नये.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणात, दापोलीजवळील मुरूड या गावी झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते ज्येष्ठ चिरंजीव. मातोश्रींचे नाव राधाबाई. १८९१ साली बाळंतपणात राधाबाईंचा अंत झाला, तेव्हा रघुनाथ अवघा नऊ वर्षांचा होता. पुढे १८९३ साली महर्षींनी एका विधवेशी पुनर्विवाह केला आणि त्याबद्दल मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. बाळंतपणात स्त्रीचा जीव कसा जातो हे या मुलाने नवव्या वर्षी पाहिले, आणि विवेकाला पटलेली गोष्ट केली म्हणजे समाज कोणती किंमत मागतो हे अकराव्या वर्षी पाहिले. त्यांच्या पुढील आयुष्याचा विचार करताना हे दोन प्रसंग ध्यानात ठेवावेत.

बुद्धी मूळचीच कुशाग्र होती. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ साली ते मॅट्रिकच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९०४ साली ते बी. ए. झाले. गणित हा त्यांचा आवडता विषय, व पित्याप्रमाणे त्यांनीही गणिताच्या अध्यापनाचाच मार्ग धरिला. निरनिराळ्या महाविद्यालयांत काम केल्यावर ते १९१९ साली गणिताच्याच उच्च अध्ययनासाठी पॅरिसला गेले.

त्या काळी युरोपात पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. ज्यांना आपल्याकडे गुप्तरोग म्हणतात त्या उपदंश आणि परमा या रोगांनी युद्धकाळात सैन्याची मोठी हानी केली होती. रोगी शरमेने लपून राहतो, वैदूच्या नादी लागतो आणि रोग पसरवीत जातो, हे तेथील राज्यकर्त्यांच्या ध्यानी आले होते. इंग्लंडात १९१६ साली या रोगांवर विनामूल्य व गुप्तपणे उपचार करणारी केंद्रे काढण्याची योजना झाली, आणि पुढच्याच वर्षी वैदूंनी या रोगांवर उपचार करण्यास कायद्याने मनाई झाली. शास्त्रही पुढे सरकले होते. परम्याचा जंतू १८७९ मध्ये व उपदंशाचा १९०५ मध्ये सापडला होता. १९०६ मध्ये रक्ताच्या परीक्षेवरून उपदंश ओळखण्याची रीत निघाली, आणि १९१० मध्ये त्यावरील पहिले खरे गुणकारी औषध बाजारात आले. म्हणजे दैवाचा कोप किंवा पापाचे फळ मानलेली ही व्याधी एका सूक्ष्म जंतूचे काम आहे, हे ठरून गेले होते.

आपल्या देशात मात्र हे ज्ञान सामान्य माणसापर्यंत पोहोचले नव्हते. मराठीत त्याविषयी उघडपणे लिहिणे म्हणजे अब्रू गमावणे होते. रघुनाथरावांनी ते करावयाचे ठरविले. परत आल्यावर १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. असे केंद्र हिंदुस्थानातील पहिलेच होय. त्याच साली लंडनमध्ये डॉ. मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले, यावरून हा मराठी प्राध्यापक काळाच्या किती बरोबरीने चालत होता हे समजेल. त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी या कार्यात त्यांना साथ दिली. मूल होऊ द्यावयाचे नाही असा निर्णय उभयतांनी घेतला आणि त्यासाठीची शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करवून घेतली. जे लोकांना सांगावयाचे ते आधी स्वतः आचरावयाचे, हा पित्याचा गुण पुत्राच्या ठायी पुरेपूर होता.

'संततिनियमन' हे पुस्तक तर त्यांनी लिहिलेच. शिवाय 'गुप्तरोगांपासून बचाव' हे स्वतंत्र पुस्तकही लिहिले. या दुसऱ्या पुस्तकाचे नावच मोठे अर्थपूर्ण आहे. गुप्तरोगांचा धिक्कार असे त्यांनी म्हटले नाही, बचाव असे म्हटले. रोगी पापी की पुण्यवान हा प्रश्न वैद्याचा नव्हे. रोग कशाने येतो, कशाने टळतो आणि कशाने बरा होतो हे प्रश्न वैद्याचे. त्यांच्या सगळ्या लिखाणाचा मथितार्थ हाच होता. गणिताचा अध्यापक ज्याप्रमाणे उदाहरण चुकलेल्या विद्यार्थ्याला न हिणवता चूक कोठे झाली ती पायरी दाखवितो, त्याप्रमाणे ते या विषयाकडे पाहत.

या शांत हिशोबीपणाची आवश्यकता का होती, हे समजण्यासाठी रोगाची रीत थोडी समजून घ्यावी लागते. उपदंशाचा जंतू शरीरात शिरल्यावर साधारण तीन आठवड्यांनी गुप्तांगावर एक लहानशी जखम होते. ती दुखत नाही. काही आठवड्यांत आपोआप भरते. रोग्याला वाटते, संकट गेले. वास्तविक जंतू रक्तात पसरलेला असतो. पुढे अंगावर पुरळ येऊन जातो, आणि त्यानंतर कित्येक वर्षे बाहेरून काहीच दिसत नाही. अखेरीस तो हृदयाला, मेंदूला किंवा डोळ्यांना गाठतो. मध्यंतरीच्या काळात पत्नी गरोदर राहिली, तर गर्भ पोटातच दगावतो किंवा मूल रोग घेऊनच जन्मास येते. परम्याचेही असेच. पुरुषाला जळजळ होते, पू येतो, म्हणून तो सावध होतो. स्त्रीला मात्र पुष्कळदा कोणतेच लक्षण जाणवत नाही. आतल्या आत गर्भनलिका बंद होतात, आणि मग पतीकडून आलेल्या रोगाने मूल न होणाऱ्या त्या बिचारीलाच गाव वांझ म्हणतो. किती निरपराध स्त्रियांनी हा शब्द आपल्या कपाळी घेऊन जन्म काढला असेल, याची गणती कोणी केलेली नाही. रघुनाथरावांना स्त्रियांविषयी जी तळमळ होती तिचे एक मूळ येथे आहे.

समाजाने त्यांना जे दिले ते आता सांगतो. ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. ही सर्व मते ते जाहीरपणे मांडू लागले, तेव्हा मिशनरी चालकांना ते रुचले नाही. नोकरी की प्रचार असा प्रश्न उभा राहिला आणि १९२५ साली रघुनाथरावांनी राजीनामा दिला. स्थिर वेतन गेले. पुढे १५ जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. लेखक, संपादक, व्यवस्थापक या सर्व भूमिका बहुधा एकट्यानेच वठवाव्या लागत. मासिक तोट्यात चाले. वर्गणीदार थोडे, आणि घेणारे तेही लपवून वाचीत. मुखपृष्ठावरील चित्रांमुळे कित्येकांनी त्याला अश्लील ठरविले. त्यांची सर्वच मते आपल्याला पटतील असे नाही. प्रस्तुत लेखकालाही ती सगळी पटत नाहीत. परंतु न पटणाऱ्या मतांमुळे पटणारे सत्य टाकून देणे शहाणपणाचे नव्हे.

मासिकावर खटले झाले. १९३१ साली एका लेखाबद्दल त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा खटला उभा राहिला. या वेळी त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गोलमेज परिषदांमुळे ज्यांचे नाव देशभर झाले होते, आणि ज्यांच्यापुढे अस्पृश्यांच्या हक्काचा एवढा मोठा लढा होता, त्या बाबासाहेबांनी हे वकीलपत्र घेतले. लोकांनी आरोग्याचे प्रश्न विचारले आणि शास्त्राच्या आधारे त्यांना उत्तर दिले, तर तो गुन्हा होऊ नये, ही त्यांची भूमिका होती. खटला हरला आणि दोनशे रुपये दंड झाला. तरीही मासिक बंद पडले नाही.

ज्या वर्षांत मुंबईत हे चालले होते, त्या वर्षांत आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला तो मुक्त झाला. मराठी शाळाच जेथे विरळा होत्या, तेथे असले मासिक किती घरांत पोहोचणार? आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला हे ज्ञान मिळाले नाही, हा त्यांचा दोष नव्हे. आपल्याला मात्र तशी सबब सांगता येणार नाही.

१९४४ साली मालतीबाईंचे निधन झाले. त्याच सुमारास एक आनंदाची गोष्ट घडत होती. १९४३ साली अमेरिकेत पेनिसिलिनने उपदंश बरा होतो असे सिद्ध झाले. ज्या रोगासाठी पूर्वी पाऱ्याची विषारी औषधे वर्षानुवर्षे घेत, तो वेळीच सापडला तर आता एका इंजेक्शनने बरा होऊ लागला. १९५२ साली स्वतंत्र भारताच्या सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. एकतीस वर्षांपूर्वी एका प्राध्यापकाने ज्या कामाचा प्रारंभ केला, ते काम सरकारचे झाले. हे पाहूनच १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथरावांनी जगाचा निरोप घेतला. शेवटपर्यंत, सव्वीस वर्षे, 'समाजस्वास्थ्य' निघत होते. वृद्ध पित्याला पुत्राचा मृत्यू पाहावा लागला. पुढे १९५८ साली महर्षींना भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान मिळाला, आणि तो सर्वथा योग्यच होता. पुत्राच्या वाट्याला मात्र दोन दंड आणि पुष्कळशी कुचेष्टा आली. अलीकडे त्यांच्या जीवनावर २००१ साली 'ध्यासपर्व' हा चित्रपट निघाला, आणि त्या खटल्यांवर अजित दळवी यांचे 'समाजस्वास्थ्य' हे नाटक २०१७ साली रंगभूमीवर आले. उशिरा का होईना, मराठी माणसाने त्यांची आठवण केली.

चरित्र येथे संपते. परंतु त्यातील शिकवणीची कसोटी पुढे लागली. १९८६ साली आपल्या देशात एच. आय. व्ही. या विषाणूचे पहिले रुग्ण आढळले. पुढील दहा-पंधरा वर्षांत महाराष्ट्राला त्याचा मोठा तडाखा बसला. त्या काळात प्रस्तुत लेखक आपल्या जिल्ह्यात शाळेत नोकरीस होता. दाखल-खारीज रजिस्टरमध्ये काही मुलांच्या पालकाच्या रकान्यात पित्याऐवजी आजोबांचे किंवा मामांचे नाव लिहिण्याची पाळी येई. पिता तरुण वयात गेलेला असे. काय झाले असे विचारले, तर कोणी टी. बी. म्हणे, कोणी कावीळ म्हणे, कोणी नुसते खाली पाही. तरुण सून पांढऱ्या कपाळाने माहेरी पाठविली जाई, आणि तिच्याच पायगुणाने असे झाले असे बोलले जाई. तो रोग तिला तिच्या लग्नाच्या घरातच मिळालेला होता, हे कोणी बोलत नसे. रोगापेक्षा मौनानेच अधिक घरे बसली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आज स्थिती पालटली आहे, आणि हीच गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. एच. आय. व्ही. वरील औषधे १ एप्रिल २००४ पासून सरकारने विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. ही औषधे रोज नियमाने घेतली म्हणजे माणूस दीर्घकाळ कामधंदा करीत सामान्य आयुष्य जगतो. रक्तातील विषाणू तपासणीत सापडू नये इतका दबला व तसाच दबलेला राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला बाधा होत नाही, हेही आता शास्त्राने ठरविले आहे. बाधित मातेने वेळेवर औषध घेतले, तर मूल बहुधा निरोगी जन्मते. म्हणून प्रत्येक गर्भवतीने पहिल्या तीन महिन्यांतच एच. आय. व्ही. व उपदंश या दोन्हींची तपासणी करून घ्यावी. एका ताटात जेवल्याने, हात धरल्याने, एका घरात राहिल्याने किंवा डास चावल्याने हा रोग होत नाही. २०१७ च्या कायद्यान्वये रुग्णाच्या संमतीवाचून त्याची तपासणी करता येत नाही, अहवाल फोडता येत नाही, आणि नोकरीत वा शाळेत त्याला दूर लोटता येत नाही.

तपासणीसाठी दूर जावयास नको. सरकारी जिल्हा रुग्णालयात आणि अनेक ग्रामीण रुग्णालयांत समुपदेशन व तपासणीची सोय विनामूल्य असून ती गुप्त ठेवली जाते. गुप्तरोगांच्या उपचारासाठी 'सुरक्षा क्लिनिक' या नावाचा सरकारी दवाखाना असतो. १०९७ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास घरबसल्या मोफत माहिती मिळते. तेथे नाव सांगावे लागत नाही.

तीन गोष्टी प्रत्येक कुटुंबप्रमुखाने ध्यानात ठेवाव्यात. पहिली, रोगाची बाधा होताच ती तपासणीत दिसेल असे नाही. काही आठवडे जावे लागतात. म्हणून शंका असेल तर एकदा रिकामा अहवाल आला म्हणून स्वस्थ न बसता डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासून घ्यावे. उलट, एच. आय. व्ही. चा धोका नुकताच घडला असेल, तर बहात्तर तासांच्या आत रुग्णालय गाठल्यास बाधा टाळणारे औषध मिळू शकते. दुसरी, पतीला गुप्तरोग निघाला तर पत्नीची, आणि पत्नीला निघाला तर पतीची तपासणी व उपचार बरोबरच झाले पाहिजेत. एकट्याने औषध घेतल्यास रोग पुन्हा फिरून येतो. उपचार पुरा होईपर्यंत संयम पाळावा. निरोध हे साधन संततीप्रमाणेच रोगालाही अडविते, हे तरुणांना सांगण्यात कमीपणा नाही. तिसरी, भिंतींवर जाहिराती रंगविणाऱ्या आणि हमखास गुण देण्याच्या गोष्टी करणाऱ्या भोंदूंच्या वाटेस जाऊ नये. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, आणि तरीही त्या दिसतात, याचे कारण शरमेने पोळलेले गिऱ्हाईक त्यांना आयते मिळते. कावीळ ब या रोगाची आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूची प्रतिबंधक लस निघालेली आहे. मुलामुलींच्या बाबतीत तिच्याविषयी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

आपल्या जिल्ह्यातील स्थिती आपण जाणतो. दिवाळी झाली की अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. लोखंडाच्या सळया घेऊन जाणाऱ्या मालमोटारींवर आपली मुले महिना-महिना घराबाहेर असतात. शिकलेली मुले पुण्या-मुंबईस एकटी राहतात. यांपैकी कोणाकडे बोट दाखविण्याचा हेतू नाही. घरापासून दूर राहणाऱ्या माणसाला मोह पडू शकतो, आणि गावात राहणाराही त्याला अपवाद नसतो. दोष कोणाला द्यावयाचा हा विचार बाजूला ठेवून, घरी परतलेल्या माणसाला निःशंकपणे तपासणी करून घेता येईल असे वातावरण आपण ठेवतो की नाही, हा विचार करावा.

आपले मंडळ दरवर्षी वधूवर परिचय मेळावा भरविते. त्या वेळी आपण पत्रिका पाहतो, छत्तीस गुणांपैकी किती जुळले ते मोजतो, मंगळ आहे की नाही याची चौकशी करतो. या रूढीत कोणी हात घालावा असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्या मुलीचा हात आपण दुसऱ्याच्या हाती देतो तिच्या, आणि ज्या मुलाच्या घरी ती जाणार त्याच्याही आरोग्याची चौकशी नको काय? लग्न ठरण्यापूर्वी वधू आणि वर या दोघांनीही आपखुशीने रक्ततपासणी करून घ्यावी, अहवाल त्या दोघांपुरताच राहावा, आणि मंडळाने तो मागू नये, अशी नम्र सूचना मी कार्यकारिणीपुढे ठेवीत आहे. तपासणी एकट्या मुलीची मागणे हा अन्याय होईल. दोघांची झाली तरच ती न्यायाची ठरेल. काही निघाले, तर त्या माणसाची नालस्ती न करता त्याला उपचाराच्या वाटेस लावणे हे आपले ज्ञातिकर्तव्य समजावे.

कै. रघुनाथराव कर्वे यांचा पुतळा आपल्या गावात उभारावा असे मी म्हणत नाही. त्यांना पुतळ्यांची हौस नव्हती. ज्या दिवशी आपल्या ज्ञातीतील एखादा तरुण आवाज खाली न आणता आपल्या वडिलांना सांगेल, की आपण तपासणी करून येतो, आणि वडील काही न विचारता त्याच्यासोबत निघतील, त्या दिवशी त्यांचे स्मारक आपल्या घरात झाले असे समजावे. त्यांच्या पवित्र स्मृतीस सर्व ज्ञातिबंधुभगिनींच्या वतीने अभिवादन करून हा लेख पुरा करतो.